दोऱ्यापुढची पानं

“मग आता काय करू, सर? ती लायब्ररीत पाऊलसुद्धा टाकत नाही!”

तांबोळी सरांनी मान वर केली नाही. फाटक्या पुस्तकाच्या पाठीवर ते बोटानं खळ लावत होते. खळ लावायची, पुसायची, पुन्हा लावायची.

शर्वरी मगदूम पुढच्या सोप्यात, सतरंजीवर, त्यांच्यासमोर बसली होती. शनिवारची सकाळची शाळा सुटली तशी ती घरी न जाता थेट इकडं आली होती. डबा उघडलेलाही नव्हता. जीवच थाऱ्यावर नव्हता, तर डबा कुठला सुचतोय!

शर्वरी म्हणजे गावच्या शाळेची ग्रंथपाल. पोरांच्या तोंडी लायब्ररीच्या बाई. तांबोळी सर तिच्या आधीचे. ती लहानपणी याच शाळेत शिकली आणि तिला पुस्तकांचं वेड लावलं ते यांनीच. आता सर निवृत्त झालेले. दुपारची नमाज झाली की सोप्यात बसून शाळेची फाटकी पुस्तकं बांधून देत.

बाई हुशार, यात वाद नाही. वाचन म्हणाल तर अफाट. शाळेत कुणी पाहुणा आला की हेडमास्तर त्याला आधी लायब्ररीत आणत आणि म्हणत, “साहेब, कुठलंही पुस्तक काढा कपाटातनं. आमच्या बाई शेवट सांगतात.”

पाहुणा पुस्तक काढायचा. शर्वरी नुसतं नाव बघायची आणि शेवट सांगून मोकळी. पाहुणा टाळ्या वाजवायचा. हेडमास्तर तर असे फुलायचे, जणू सगळी पुस्तकं त्यांनीच लिहिलीत.

शर्वरीला हे आवडायचं. खोटं कशाला बोला, कुणालाही आवडलं असतं.

“काय झालं ते नीट सांग,” सर म्हणाले.

“अनुजा लोंढे म्हणून मुलगी आहे, सातवीतली. आजवर एक पुस्तक पुरं केलेलं नाही तिनं. वाचनाच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायची. बोलायचीसुद्धा नाही कुणाशी. तिच्या हाताला कसं कोण जाणे, ते हरवलेल्या तट्टाचं पुस्तक लागलं...”

“घाटातलं तट्टू?”

“तेच. आणि सर, पोरगी बदललीच! ओळीखाली बोट ठेवून वाचायची, पण वाचायची. मधली सुट्टी झाली की पळत माझ्या टेबलाशी. बाई, तट्टाचा नाल सापडला. बाई, रात्र झाली, पोरगा खिंडीत एकटाच आहे. एवढं बोलायला लागली की वर्गातल्या मुली बघत राहायच्या.”

“मग?”

शर्वरीनं मान खाली घातली.

“त्या दिवशी आली ती धापा टाकत. म्हणाली, बाई, बाई, खिंडीत घंटा वाजली! तट्टाच्या गळ्यातलीच असणार ती!”

“हं...”

“मी पुस्तकांवर शिक्के मारत होते. बोलता बोलता बोलून गेले... अगं, ती घंटा त्याची नसतेच. तट्टू शेवटी जत्रेत सापडतं, आंधळं झालेलं. पण पोराच्या हाताचा वास ओळखतं ते.”

सरांचं बोट खळीतच थांबलं.

“काय म्हणाली ती?”

“काही नाही. उभी राहिली नुसती. मग पुस्तक मिटलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, मग झालंच की, बाई.”

आत कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

“बरोबर बोलली,” सर म्हणाले.

सर समजूत घालतील, असं शर्वरीला वाटलं होतं. चल गं, पोरंच ती, विसरतील, असलं काहीतरी.

“मी दुसरं पुस्तक दिलं, सर. तिसरं दिलं. बक्षीस देते म्हटलं.”

“घेतलं?”

“नाही. वाचनाच्या तासाला पायरीवर बसून राहते. आत चल म्हटलं तर म्हणते, तुम्हाला येतंय की सगळं. मी कशाला?”

सरांनी पाठीवरची जादा खळ टिपून घेतली.

“मी सोंगही करून बघितलं. मला काही माहीत नाही, असं दाखवलं. अगं, या गोष्टीत काय होतं गं, मी विसरलेच, असं म्हटलं.”

“मग?”

“हसली. मला लाज वाटली, सर, अशी हसली.”

सरांनी पुस्तक दोन फळ्यांमध्ये दाबलं आणि त्यावर वरवंटा ठेवला. बोटं फडक्याला पुसली. एकेक बोट, सावकाश.

शर्वरीला राहवेना. “तुम्हाला कसं जमायचं ते सोंग? मला तेवढंच शिकवा. मी सातवीत होते तेव्हा रोज येऊन गोष्ट सांगायची तुम्हाला. तुम्ही कसे डोळे मोठे करायचात! ‘अरे बापरे! मग?’ म्हणायचात. सगळी लायब्ररी वाचलेला माणूस, आणि माझ्यासारख्या चिमुरडीपुढं असा बसायचा की जणू पहिल्यांदाच ऐकतोय. मला तर खरंच वाटायचं.”

“सोंग?” सर म्हणाले.

त्यांचा आवाज दुखावलेला होता. शर्वरी चपापली.

“सगळी लायब्ररी मी वाचलीय, असं कोण म्हणतं?”

“सगळं गाव म्हणतं!”

“गावाला काय, म्हणायला पैसे पडत नाहीत.” सर गुडघ्यावर हात टेकून उठले. “ये इकडं.”

कोपऱ्यात लाकडी कपाट होतं. सरांनी दार उघडलं. आत जुनी पुस्तकं, कव्हरं उडालेली, कडा कुरतडलेल्या. शाळेनं रद्दीत काढलेली दिसत होती.

“काढ एक. कुठलंही.”

तिनं एक काढलं. आत दोरा होता. पुस्तकं शिवायचा असतो तो पांढरा जाड दोरा, पानांमध्ये खुणेसारखा घातलेला. पुस्तक अर्धं संपलं होतं तिथं.

दुसरं काढलं. यातला दोरा पार शेवटाजवळ होता. उरली होती ती एवढीशीच पानं.

तिसऱ्यातही दोरा.

“हे काय, सर?”

“इथवर मी वाचलंय.”

“आणि पुढचं?”

“पुढचं माझं नाही.”

शर्वरी बघतच राहिली. सर थट्टा करतायत का, म्हणून तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं थट्टा नव्हती.

“पोर येऊन सांगायचं ना, कुठवर आलं ते,” सर म्हणाले. “पुस्तकं लायब्ररीतच राहायची, मग संध्याकाळी मी तेवढं वाचायचो. पोर जिथवर गेलंय तिथवर. त्याच्यापुढं एक ओळ नाही. दुसऱ्या दिवशी पोर आणखी पुढचं सांगायचं. शेवट सांगून झाला, की मग मी तो वाचायचो आणि दोरा काढून घ्यायचो.”

“म्हणजे तुम्हाला खरंच...”

“काय माहीत असणार मला? तू सांगायच्या आधी?”

ते मोठे झालेले डोळे, ते ‘अरे बापरे’, खुर्ची पुढं ओढून बसणं... सगळं खरं होतं. ती बारा वर्षांची होती आणि तिच्यापाशी खरोखरच असं काही होतं, जे या माणसापाशी नव्हतं.

“आणि पोर आलंच नाही तर?” तिनं विचारलं. “शाळा सोडली, गाव सोडलं...”

“तर दोरा राहतो.”

“ही सगळी तशी?”

“रद्दीत निघाली तेव्हा दोरेवाली तेवढी मागून घेतली. कमी झालीत आता. मागच्या ईदला एकजण आला, ट्रक चालवतो. शिरखुर्मा खाता खाता म्हणाला, सर, ती गुहेची गोष्ट सांगायची राहिलीय बघा. बायकोपोरांसमोर बसून सगळी सांगितली. त्याची पोरं पण ऐकत होती.” सर हसले. “काय शेवट होता! मी कल्पनाच केली नव्हती.”

“पण पुस्तक तर घरात होतं! हात लांब केला की संपलं. इतकी वर्षं तुम्हाला राहवलं कसं?”

“कुठं राहवतंय!” सर म्हणाले. “रोज वाटतं, बघावं.”

शर्वरीला आपल्या टाळ्या आठवल्या. पाहुणे, हेडमास्तर, ‘आमच्या बाई शेवट सांगतात’. कानशिलं तापली तिची. असं वाटलं, की आपण कपाटंच्या कपाटं वाचली आणि हा माणूस एका जागी थांबून राहिला, तरी हाच पुढं निघून गेलाय.

मग वरच्या फळीवरचं एक पुस्तक तिला दिसलं.

निळं. निळा रंग म्हणायला नावालाच उरला होता, पण तिनं लांबूनच ओळखलं. तिनं ते खाली काढलं.

दोन बहिणींची गोष्ट होती ती. आई तापानं फणफणलेली, औषध खाडीच्या पलीकडं, आणि दोघी वडिलांची होडी सोडून निघतात. दोरा बरोबर तिथं होता, जिथं होडी धुक्यात शिरते.

“सर... हे माझं.”

“हो.”

तिला सगळं आठवलं. दिवाळीची सुट्टी लागायचा दिवस. घंटा झाली होती, मैत्रिणी हाका मारत होत्या आणि ती दारातूनच ओरडली होती, “उरलेलं सुट्टीनंतर सांगते हं, सर!” सुट्टीतच वडिलांची बदली झाली. बिऱ्हाड मिरजेला गेलं. तिथल्या शाळेत तेच पुस्तक मिळालं आणि तिनं एका बैठकीत संपवलं. त्यानंतर त्याचा शेवट किती जणांना सांगितला, त्याला गणती नाही. मैत्रिणींना सांगितला, पाहुण्यांना सांगितला. मागच्याच महिन्यात सांगितला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या.

एका माणसाला तेवढा सांगायचा राहिला होता.

“नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन आले होते,” ती म्हणाली. “त्यानंतर कितीदा आले. तुम्ही कधी विचारलं नाही.”

“तू घाईत असायचीस.”

एवढंच. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. तिला मात्र रडू फुटलं. पदरानं डोळे पुसत ती कपाटापाशीच उभी राहिली आणि सरांनी तिला रडू दिलं.

थोड्या वेळानं त्यांनी निळं पुस्तक जागेवर ठेवलं आणि कोनाड्यातून दुसरं एक काढलं. नवंकोरं, पानांना अजून छापखान्याचा वास असलेलं.

“हे ने अनुजासाठी. नातीनं पुण्याहून पाठवलंय.”

शर्वरीनं सवयीनं नाव बघितलं. आठवेना. उलटून मागचं कव्हर वाचायला लागली, तेवढ्यात सरांनी कव्हरावर हात ठेवला.

“हे मी वाचलेलं नाही, सर.”

“मीपण नाही.”

ती हातातल्या पुस्तकाकडं बघत राहिली. बोटं शिवशिवत होती. शेवटचं पान फक्त अंगठा सरकवायच्या अंतरावर होतं. तिनं ते पुस्तक पर्समध्ये घातलं आणि चेन लावून टाकली. चेन लावताना तिला स्वतःचंच हसू आलं, डोळे ओलेच होते तरी.

“पण ती आत आली नाही तर?”

“पायरीवर तर बसते ना? तिथं दोघींपुरती जागा असेल.”

शर्वरी दारापर्यंत गेली. चप्पल घातली. पुन्हा वळली. मनातली भीती गेली नव्हती. एकदा पोळलेली पोर, तिच्यापुढं पुन्हा तोंड उघडायचं होतं.

“सर, मी तिला सांगू काय? पहिला शब्द काय बोलू?”

सर मागं वळले.

त्यांनी कपाटातून ते निळं पुस्तक पुन्हा काढलं. तिथंच, सतरंजीवर, मांडी घालून बसले. शर्वरी उंबऱ्यात उभी, आणि ते खाली. दोरा होता तिथं पुस्तक उघडून त्यांनी मांडीवर ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला, आणि तिच्याकडं वर बघितलं. डोळे मोठे झाले होते.

तेच डोळे. टेबलापाशी उभं राहून ती बोलायची, तेव्हाचे.

तिनं चप्पल काढली.

“हं...” सर म्हणाले. “होडी धुक्यात शिरली... मग? पुढं काय झालं?”