वीतभर वाट

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे डोंगर अजून उंच वाढत होते तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगरावर एक वाटाड्या राहत असे. त्याचा डोंगर इतका उंच होता की ढगसुद्धा अर्ध्यावर थांबून दम खात आणि मग पुढे जात. डोंगराच्या अलीकडे वाटाड्याचं घर, घरात बायको आणि नऊ वर्षांची लेक. पलीकडे जायचं तर दोनच रस्ते. एक तीन डोंगरांना वळसा घालून जाणारा, त्यात अख्खा दिवस जाई. दुसरा कड्याच्या पोटातून. तो वीतभरच रुंद होता, म्हणून सगळे त्याला वीतवाट म्हणत. उजवीकडे सरळ उभा खडक, डावीकडे काहीच नाही. म्हणजे दरी होती, पण इतकी खोल की ती असून नसल्यासारखी.

वीतवाटेवर एका वेळी एकालाच जाता येई. म्हणून वाटाड्या आधी स्वतः पलीकडे जाई आणि तिथून प्रवाशाला बोलून बोलून आणी. "आता उजवा पाय. हात वरच्या खोबणीत. शाबास."

पण त्याआधी त्याचा एक नियम होता. वाटेच्या तोंडाशी एक सपाट दगड होता. त्यावर प्रत्येकाला बसवायचं आणि विचारायचं, "तुम्हाला भीती कशाची वाटते?" कुणी म्हणे दरीची, कुणी वाऱ्याची. एका म्हातारीला फक्त आपला अंबाडा सुटण्याची भीती वाटत होती. जो "मला कशाचीच भीती नाही" म्हणे, त्याला वाटाड्या परत पाठवी.

"अहो, भीती कळली तर मला कळतं की तुम्ही कुठे अडखळाल," तो समजावी. "नाही सांगितली, तर मी तुम्हाला सांभाळू कुठे?"

असा हा शहाणा माणूस. पण घरी आला की त्याचं शहाणपण जोड्यांबरोबर बाहेरच राही.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तो एकदा वाटेवरून घसरला होता. घरी येऊन त्याने सगळं खरं सांगितलं. बायको तीन दिवस जेवली नाही. त्या दिवसापासून वाटाड्याने ठरवलं, घरी खरं सांगायचं नाही, गंमत सांगायची.

"आज उशीर का झाला?" बायको विचारी.

"वाघ भेटला. म्हणाला, मिशीत काटा अडकलाय, जरा काढून द्या. काढला. निघताना म्हणाला, वहिनींना नमस्कार सांगा."

"आणि वीतवाट केवढी रुंद आहे, बाबा?" लेक विचारी.

"आपल्या अंगणाएवढी. मधोमध तुळस लावावी म्हणतोय."

लेक खदखदून हसे. बायकोही हसे, आणि हसता हसता त्याच्या सदऱ्याची खांद्यावर फाटलेली बाही शिवे. वाघाच्या मिशीतला काटा काढताना खांदा कसा फाटतो, हे तिने कधी विचारलं नाही.

एके दिवशी सकाळी एक पैलवान आला. दंड असे की खांबांनी हेवा करावा. वाटाड्या घाईघाईने त्याच्याबरोबर निघाला आणि भाकरीचं गाठोडं चुलीपाशीच विसरला.

दगडावर बसून पैलवान म्हणाला, "भीती? मला?"

"मग फिरा परत."

पैलवान उठला, दोन पावलं गेला आणि परत येऊन बसला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "पालीची वाटते."

"मग खडकाकडे बघू नका, माझ्याकडे बघा," वाटाड्या म्हणाला आणि त्याला सुखरूप पलीकडे घेऊन गेला.

इकडे बायको झऱ्यावर पाणी आणायला गेली होती. लेकीला गाठोडं दिसलं. तिने विचार केला, वाट तर अंगणाएवढी आहे, पटकन देऊन येते. आणि गाठोडं काखेत मारून ती पळत सुटली.

पलीकडे वाटाड्या पैलवानाचा निरोप घेत होता. तेवढ्यात वरच्या कपारीतून एक म्हातारी वानरी खोकली.

"वाटाडे," ती म्हणाली, "तुमचं अंगण आज फारच अरुंद झालंय हो."

वाटाड्याने वळून पाहिलं. वीतवाटेच्या बरोबर मध्यावर त्याची लेक उभी होती. पाठ खडकाला चिकटलेली, गाठोडं छातीशी धरलेलं. तिला पुढेही येता येईना आणि मागेही जाता येईना.

धावत जावं, तर वाट दोघांचं ओझं सोसणार नव्हती. आता वाटाड्याकडे फक्त त्याचा आवाज उरला होता. त्याच्या ओठांवर सवयीने गंमतच आली. काही नाही गं, तुळस बघायला आलीस ना, असंच काहीसं.

पण त्याआधी लेकच म्हणाली, "बाबा, ही अंगणाएवढी नाहीये."

वाटाड्याने ती गंमत तिथेच सोडून दिली.

"नाही बाळा. मी खोटं बोललो होतो."

"आणि वाघाने नमस्कार सांगितला होता ते?"

"तेही."

लेकीने गाठोडं आणखी घट्ट धरलं. वाघाचं तिला वाटेपेक्षा जास्त लागलं असावं.

वाटाड्याने खोल श्वास घेतला आणि दगडावर बसवून परक्यांना विचारी तेच विचारलं, "तुला भीती कशाची वाटते, सांग."

"डाव्या पायाखालचा दगड हलतोय."

"हो, तो हलतो. महिना झाला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं, तुला तेवढं सांगितलं नाही. त्याच्यावर भार टाकू नकोस. आधी ते गाठोडं सोडून दे, म्हणजे हात मोकळे होतील."

"पण आईने मिरचीची चटणी घातलीय त्यात. तुला आवडते ती."

"सोड, माझे बाई."

तिने गाठोडं सोडलं. ते इतका वेळ खाली जात राहिलं की भाकरी वाटेतच शिळ्या झाल्या. तळाशी राहणाऱ्या वानरांनी ती चटणी मुकाट्याने एकाच घासात खाल्ली, आणि त्या दिवसापासून त्यांची तोंडं काळीठिक्कर पडली ती पडलीच. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा.

"बाबा, तुलाही भीती वाटतेय का?"

"खूप. माझे गुडघे वाजतायत, ऐक."

लेकीने कान दिला. "ते त्या काकांचे वाजतायत."

खरंच, मागे उभ्या पैलवानाचे गुडघे टाळासारखे वाजत होते. लेक हसली. हसल्याने तिचा श्वास सुटला, श्वास सुटल्याने पाय सुटले.

"आता उजवा पाय," वाटाड्या म्हणाला. "हात वरच्या खोबणीत. इथे वारा जोराचा येतो, मीही इथे थांबतो. थांब. आता ये."

एकेक पाऊल टाकत लेक आली आणि शेवटचं पाऊल पडायच्या आतच वाटाड्याने तिला उचलून घेतलं. तेव्हा कुठे त्याची नजर पलीकडे गेली. वाटेच्या तोंडाशी, त्या सपाट दगडावर, त्याची बायको बसली होती. शेजारी पाण्याची घागर. ती केव्हाची तिथे होती. लेकीने मागे वळून पाहू नये म्हणून तिने तोंडात पदर कोंबून धरला होता.

बापलेक लांबच्या वळशाने घरी निघाले. अंगणात पोचायला दिवस मावळत आला. बायको उंबऱ्यात उभी होती. तिने लेकीला पोटाशी घेतलं, आत सोडलं आणि वाटाड्यापुढे आडवा हात धरला.

"तुम्ही नाही."

"अगं, पण..."

"परक्यांना दगडावर बसवता ना? हा माझा दगड. भीती कशाची वाटते ते सांगा, मग पाऊल टाका. आणि वाघ मध्ये आणायचा नाही."

वाटाड्या उंबऱ्याबाहेर खाली बसला. बराच वेळ जोड्याचा बंद सोडत-बांधत राहिला. मग म्हणाला, "एक दिवस मी येणार नाही, आणि तुम्ही दोघी भाकरी झाकून वाट बघत बसाल. याची."

बायको त्याच्या शेजारी बसली. "मलाही तीच वाटते. रोज. तुम्ही वाघाच्या मिशा सांगता तेव्हा जास्त वाटते."

"तेव्हा सांगितलं होतं, तर तू तीन दिवस जेवली नव्हतीस."

"आणि चौथ्या दिवशी जेवले होते! ते कसं विसरलात? अहो, तुम्ही काही सांगितलंच नाही, तर मी तुम्हाला सांभाळू कुठे?"

आपलंच वाक्य असं दारात गाठेल, हे वाटाड्याला कधी वाटलं नव्हतं.

त्या घरात मग नवा रिवाज पडला. रोज सकाळी निघताना वाटाड्या उंबऱ्यावर बसे आणि आजची भीती सांगे. कुठला दगड हलतो, कुठे शेवाळ आलंय. बायको ऐकत ऐकत अंबाडीचा दोर वळी. पावसाळ्याच्या आत दोर पुरा झाला. दोघांनी मिळून तो वीतवाटेच्या खडकात खुंट्या ठोकून ताणला, आणि तो हलणारा दगड लेकीने स्वतःच्या हाताने दरीत ढकलून दिला. वानरीने वरून त्याला निरोप दिला.

वाटाड्या पिकल्या केसांचा होईपर्यंत रोज घरी येत राहिला. पुढे ती वाट लेकीने सांभाळली. तिच्या हाताखालून एकही माणूस पडला नाही. आणि तो पैलवान दर वर्षी न चुकता यायचा आणि दगडावर बसण्याआधीच ओरडून सांगायचा, "पाल!"

तात्पर्य: मायेपोटी लपवलेली भीती आपल्याच माणसांच्या पायाखालचा हलता दगड होते, आणि सांगितलेल्या भीतीचा त्यांच्या हातातला दोर होतो.