पालखी टेकली की सदर भरली

"हे चौघे तर नुसते पळतात की हो, महाराज!" कारभारी नारोपंत राजांच्या कानाशी लागले. "खांद्यावर भार नाही, आणि शिधा मात्र पुरा!"

हिवरगडचे राजे उदाजीराव पालखीतून वाकून पाहू लागले. खरंच की! चार भोई पालखी वाहत होते आणि चार बाजूने मोकळे धावत होते. आता, वाहणारे थकले की हे मोकळे चालता चालताच खांदा देत आणि पालखी वाटेत कुठे टेकत नसे. पण पालखीत बसलेल्याला ते कसं दिसावं? दुसऱ्या दिवशी चौघे घरी बसले.

त्यांत भिवराचा नवरा म्हसूही होता. सासऱ्याच्या काळी भोयांना शिध्यात गहू-तूप मिळायचं, मग नुसता जोंधळा आला, आणि आता तोही बंद! भिवरा चुलीवर रिकामं आधण ठेवायची. शेजारणी विचारायच्या, "आज काय शिजतंय गं?" ही म्हणायची, "वास येत नाही का?" आता पाण्याला कसला वास येतो, बायांनो?

शेवटी ती तडक वाड्यावर गेली. "महाराज, आठ भोयांवाचून पालखी चालायची नाही."

"असं?" राजे हटून बसले. "उद्या देवीच्या डोंगरावर जायचंय. चौघेच नेतील. आठ लागतात हे पटवून दे, आठही परत घेतो. पण दमल्याची सबब चालायची नाही. कुणी 'दमलो' म्हटलं, नुसतं कण्हलं, तरी तू हरलीस. मग या चौघांचाही शिधा निम्मा!"

घरी बसलेल्यांसाठी भांडायला जावं, तर कामावरच्यांच्या तोंडचा घासही पणाला लागला! भिवरा पदर खोचत म्हणाली, "जशी आज्ञा. पण खांदा बदलायला पालखी खाली टेकवली तर चालेल ना?"

"टेकवा की! जमीन आपलीच आहे!" राजे हसले.

सकाळी पाण्याची घागर घेऊन भिवरा पुढे, मागे पालखी, बाजूला नारोपंत. कोष्ट्यांच्या आळीत ती थांबली. "टेकवा रे!"

पालखी टेकली मात्र, एक म्हातारा कोष्टी आला आणि राजांसमोर ऐसपैस मांडी ठोकून बसला.

"हा काय प्रकार?" राजे ओरडले.

"पंतांना विचारा, महाराज," भिवरा म्हणाली.

पंत चाचरत म्हणाले, "थोरल्या महाराजांचा रिवाज आहे. पालखी टेकली की तिथं सदर भरली. येईल त्यानं समोर बसून मनातलं बोलावं, आणि त्याला तिथल्या तिथं अंगावरचं काही द्यावं, रिकाम्या हाती धाडू नये."

"मग मला कसं ठाऊक नाही?"

"तुमच्या कारकिर्दीत कधी टेकलीच नाही, महाराज!"

कोष्टी म्हणाला, "हा तुमचा शेला मीच विणलाय. माझ्या घरी सासू-सुनेत लुगडं एकच. एक बाहेर गेली की दुसरी दाराआड!"

राजांनी मुकाट्यानं शेला काढून दिला.

पुढे तेलघाण्यापाशी पालखी टेकली. तेलीण म्हणाली, "तुमच्या दिवाणखान्यात तेल माझं, आणि आम्ही जेवतो अंधारात. घास नाकात जातो, महाराज!" अंगठी गेली. नदीवर परटीण धुणं टाकून धावत आली. "अगं बाई! महाराज एवढुसेच होय? वर असताना केवढे दिसायचे!" तिच्या वाट्याला डोक्यावरचा जरीचा मंदिल गेला.

भोई सावलीत निवांत बसलेले. राजांनी आशेनं विचारलं, "दमलात का रे?"

"छे छे, महाराज! मजेत आहोत!"

डोंगराच्या पायथ्याशी येईतो कंठा गेला, जोडे गेले, अंगरखाही गेला. वर आरतीची घंटा वाजू लागली. समोर कुंभारवाडा होता आणि अख्खा वाडा वाटेवर येऊन उभा!

"टेकवा रे..." भिवरानं हाक दिली.

"नको, नको!" उघडेबंब राजे आतून दांडा धरून ओरडले. "आता नुसतं धोतर उरलंय! भिवरा, खरं सांग, पालखी उचलायला चौघे पुरत नाहीत का?"

"पुरतात की, महाराज! उचलायला चौघे पुष्कळ झाले. बाकीचे चौघे तुम्हाला जमिनीवर येऊ देत नाहीत!"

 राजे असे खदखदून हसले की पालखी डुलू लागली आणि भोयांची तोल सावरताना तारांबळ उडाली.

"हरलो बाई! आठही भोई परत, आणि शिधा तुझ्या सासऱ्याच्या वेळचा, गहू-तुपासकट! या कुंभारांचंही ऐकू, पण उद्या. कपडे घालून! आता तुला बक्षीस काय द्यावं? माझ्या अंगावर तर..." त्यांची नजर पंतांवर गेली. "पंत, तुमची ती काश्मिरी शाल काढा बघू!"

पंतांनी रडवेल्या तोंडानं शाल उतरवली. भिवरानं ती झोकात पांघरली आणि घागर उचलून डोंगर चढू लागली.