दाराशी अडलेले महाराज

चंदनगिरीच्या किल्ल्यातून पाण्याच्या वाटांचा नकाशा चोरीला गेला, तोही भर दुपारी, पाच दारं ओलांडून. एकही कुलूप तुटलं नव्हतं, कुणाच्या डोक्यात काठी पडली नव्हती. चोरानं दर दाराशी परवलीचा शब्द सांगितला आणि दारवानांनी रामराम करून त्याला आत सोडलं.

शब्द पाचही दारांना एकच होता, मोतीगज. रायधवल महाराजांच्या लाडक्या हत्तीचं ते नाव. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

महाराज संतापले. "आजपासून पाच दारांना पाच निराळे शब्द. चोराच्या सात पिढ्यांना सुचू नयेत असे."

राजपंडितांनी एका बैठकीत पाच शब्द घडवले. पहिलाच होता 'क्षुड्रंभत्र्यष्टकघृष्णी'. तो म्हणता म्हणता दारवानांचे दात हलायला लागले. आठवड्यानं महाराज पाहणीला निघाले, तर पहिल्या दारवानानं शब्द कोळशानं खांबावर लिहिलेला. दुसऱ्यानं पागोट्याच्या पदराला चिठ्ठी बांधलेली. तिसऱ्या दारावरच्या म्हाताऱ्या शिदोजीनं तर गोंदणारणीकडून तो तळहातावर गोंदवून घेतला होता, आणि समोर महाराज दिसताच त्यानं भक्तिभावानं दोन्ही हात जोडायच्या ऐवजी उघडेच पुढे केले.

"लिहायचं नाही," महाराज म्हणाले. "विसरायचं नाही. आणि कुणाला ओळखता येता कामा नये. आठ दिवसांत असे शब्द आणा, नाहीतर पाचही जणांनी बिऱ्हाडं आवरून गड उतरायचा."

पाचव्या, धान्यकोठीच्या दारावर सारजा होती. नवऱ्यामागं अकरा वर्षं ती ते दार राखत होती. गडाखाली तिचं घर नव्हतं, दार नव्हतं. हुकूम तिनंही ऐकला, पण रडण्याइतकी सवड तिला कधीच नसे. सुपात तांदूळ घेऊन ती निवडायला बसली.

शिदोजी शेजारी येऊन टेकला. "सारजे, माझ्या डोक्यात आता काही राहत नाही बघ. काल जेवलो काय तेही आठवत नाही." मग उसासा टाकून तो म्हणाला, "पण धोंडूच्या लग्नात म्हैस बोहल्यावर चढली होती. नवरदेवाचा शेला खाल्ला तिनं. मुंडावळ्यासुद्धा. भटजी तुळशीवृंदावनावर जाऊन बसले होते."

सारजाचा हात सुपातच थांबला. "आबा, याला किती वर्षं झाली?"

"तीस."

"आणि म्हणे डोक्यात काही राहत नाही."

ती उठली आणि तिनं चौघा दारवानांना कोठीत बोलावून बसवलं. "जे दिसतं ते माणूस विसरत नाही," ती म्हणाली. "पण म्हैस सगळ्या वऱ्हाडानं पाहिली होती, ती कामाची नाही. कधी घडलंच नाही असं काहीतरी मनात बघा. एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या चार गोष्टी घ्या आणि एका चित्रात बसवा. ते चित्र सांगणारी ओळ, तोच तुमचा परवलीचा शब्द."

शिदोजीनं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं त्याच्या मिशा हलल्या. "बोकड होडीत बसून उंटाला ताक वाढतो."

कोठीत हशा पिकला. सारजा म्हणाली, "आता हे सगळ्यांनी ऐकलं, म्हणून हे टाकून द्या. दुसरं चित्र घडवा आणि मलाही नाही, फक्त महाराजांना सांगा. आणि एक ध्यानात ठेवा. घाई करणारा माणूस दाराशी आला, की आधी तांब्याभर पाणी प्यायचं. मग बोलायचं."

आठव्या दिवशी पाचही जणांनी आपापला शब्द महाराजांच्या कानात सांगितला. ऐकताना महाराजांना दोनदा ठसका लागला. मग त्यांनी राजपंडितांना, गावच्या न्हाव्याला आणि शिदोजीच्या बायकोला शब्द ओळखायला बसवलं. संध्याकाळपर्यंत कुणाला ओळखता आला नाही.

महाराजांचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी त्यांचा कारभारी राजमुद्रा घेऊन धावत शिदोजीकडे गेला. "लवकर शब्द सांग. महाराजांनी मागवलाय. घटकाभरात सांगितला नाहीस तर नोकरी गेली समज."

शिदोजीनं तांब्या तोंडाला लावला आणि शेवटचा घोट संपेपर्यंत खाली ठेवला नाही. मग म्हणाला, "कारभारी, महाराजांच्या कानात मी कालच सांगितलाय. त्यांनाच विचारा."

हे ऐकून महाराज स्वतःच निघाले. कोठीच्या दाराशी येऊन उभे राहिले, मागे सगळा लवाजमा. "सारजा, दार उघड."

"शब्द, महाराज?"

"विसरलो. तू सांग, मी म्हणतो."

सारजानं मुजरा केला, पण भाला आडवाच ठेवला. "गावात दोन बहुरूपी आलेत. परवा एक जण हुबेहूब आपल्यासारखा सजला होता. आपण महाराज असाल, तर शब्द आपल्याला मी सांगायची गरज नाही. आणि महाराज नसाल, तर सांगण्याचं कारण नाही."

महाराजांनी भुवया चढवल्या. "आणि मी महाराज आहे आणि खरंच विसरलोय, तर?"

"तर उद्या दरबारात सगळ्यांदेखत जुना शब्द मोडू आणि नवा घडवू. जुना मात्र माझ्या तोंडून यायचा नाही. आज कोठीतलं काही हवं असेल तर सांगा, मी बाहेर आणून देते."

महाराज वाकले, पार तिच्या खांद्यापर्यंत, आणि तिच्या कानात शब्द सांगू लागले. अर्ध्यावर त्यांना त्यातलं चित्र डोळ्यांसमोर दिसलं असावं. ते हसत सुटले, इतके की शब्द त्यांना तीनदा पहिल्यापासून म्हणावा लागला. तो पुरा झाला तेव्हाच सारजानं भाला बाजूला केला.

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या मनगटात घातलं आणि कारभाऱ्याला सांगितलं, "लिहून घ्या. आजपासून पाचही दारांची नाईकी सारजाबाईंकडे."