वस्तादांच्या दोन गोळ्या

एका डोंगराळ गावात गणोजी नावाचे वस्ताद राहत. तरुणपणी एका मोठ्या कुस्तीआधी कुणीतरी त्यांच्या दुधात गुंगीचं औषध घातलं होतं. तेव्हापासून ते परक्या घरचं पाणीसुद्धा हुंगल्याशिवाय पीत नसत. तालमीतल्या पोरांवर त्यांचा जीव होता, पण विश्वास कुणावरच नव्हता.

एकदा गावात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वस्तादांच्या दंडाला पट्टा बांधला, पुन्हा पुन्हा मोजलं आणि म्हणाल्या, "वस्ताद, तुमचं ब्लडप्रेशर फार वाढलंय."

"मला काय धाड भरलीय? डोकं दुखत नाही, काही नाही."

"हा आजार गुपचूपच वाढतो. या दोन गोळ्या रोज घ्या. काही वेगळं वाटलं तर मला सांगा."

बायको अनसाबाई रोज आठवणीनं गोळ्या देऊ लागली. थोड्याच दिवसांत वस्तादांना सारखं लघवीला जावं लागे. झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. मग मात्र त्यांचं डोकं फिरलं. जत्रेचा फड तोंडावर आलेला. आपली पोरं हरावीत म्हणून पलीकडच्या गावच्या तालमीनंच तर ही बाई पाठवली नसेल?

त्यांनी अनसाबाईकडेही रोखून पाहिलं. "खरं सांग, या गोळ्या कुणी दिल्या?"

"अहो, तुमच्यासमोरच दिल्या की बाईंनी!"

डॉक्टरीणबाईंना मात्र वस्तादांनी काहीच विचारलं नाही. गोळ्या जिभेखाली धरायच्या आणि गोठ्यामागे जाऊन थुंकायच्या, असं चालू झालं. लघवी कमी झाली, अंधारीही थांबली. 'चोरी पकडली,' असं म्हणत ते मनाशी हसले.

जत्रेच्या सकाळी ते एका पठ्ठ्याला डाव दाखवत होते. एकाएकी उजवा हात लुळा पडला. बोलायला गेले तर तोंड वाकडं झालं. पोरांनी उचलून त्यांना दवाखान्यात नेलं.

जीव वाचला. बोलणं हळूहळू परतलं. उजवा हात मात्र परतला नाही.

डॉक्टरीणबाई भेटायला आल्या, तेव्हा वस्ताद अडखळत म्हणाले, "तुमच्या गोळ्या मी थुंकल्या. त्या माझ्या अंगातलं पाणी काढत होत्या."

"काढतच होत्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "एक गोळी अंगातलं जादा मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर टाकते, म्हणून नसांमधला दाब उतरतो. दुसरी आवळलेल्या नसा सैल करते, रक्ताला वाट मोकळी होते. तुमचा दाब जरा जास्तच उतरत असावा, म्हणून अंधारी येत होती. सांगितलं असतंत, तर मी गोळी बदलली असती, कमी केली असती. तुम्ही गोळ्याच बंद केल्यात आणि दाब पुन्हा चढला. अंगाला बरं वाटत होतं, तेव्हाही तो चढतच होता. शेवटी मेंदूतली नस फुटली."

"मग माझी शंका खोटी नव्हती?"

"गोळ्यांचा त्रास होतोय ही शंका खरी होती, वस्ताद. उत्तर तुम्ही मनानंच ठरवलंत."

बाई गेल्यावर वस्तादांनी अनसाबाईला जवळ बोलावलं. "मला तुझाही संशय आला होता गं."

"कळलं होतं मला," ती म्हणाली आणि तिनं त्यांचा लुळा हात आपल्या मांडीवर घेतला.

तात्पर्य: औषधाबद्दल शंका आली तर ती देणाऱ्यालाच विचारावी; ती मनात दडवून गुपचूप औषध सोडलं, की भोगावं आपल्यालाच लागतं.