महाराजांचा विनाथांबा ट्रक

शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्यावं, आणि भाषा साधी आहे म्हणून रागावू नये. शाळा लवकर सुटली, त्यामुळे मोठे शब्द मला येत नाहीत. पण हुकूम मोठा होता, तो सांगतो.

हुकूम असा : विजेवर चालणारा शाही ट्रक राजधानीतून बंदरापर्यंत गूळ घेऊन जाईल, आणि वाटेत एकदाही थांबणार नाही. थांबला तर ट्रक भंगारात आणि ड्रायव्हर लिंबाजी हत्तीखान्याच्या शेणाच्या गाडीवर!

हा ट्रक विक्रांतसिंह महाराजांनीच हौसेनं आणला होता. शेजारच्या राजाकडे एक होता, म्हणजे आपल्याकडे हवाच. त्याला हार घातले, मिरवणूक काढली. अर्ध्या वाटेवर सगुणाबाईच्या ढाब्याशेजारी चार्जिंगचं यंत्रही बसवलं. त्या यंत्रापेक्षा त्यावरची महाराजांच्या नावाची पाटी मोठी होती. एवढं झाल्यावर महाराजांना कळलं की ट्रक त्या यंत्रापाशी तास-दीड तास उभा राहतो.

"राजाची गाडी आणि रस्त्यात भीक मागत उभी?" महाराज कडाडले.

"मी तेच म्हणत होतो," दिवाण अच्युतराव म्हणाले. "डिझेलच्या गाडीला असले लाड लागत नाहीत." राज्यातले सगळे डिझेलचे पंप दिवाणांच्या मेहुण्याचे होते. पण त्याचा या सल्ल्याशी काही संबंध नव्हता, असं दिवाणजी स्वतःच सांगत.

लिंबाजी घरी आला तो मान खाली घालून. डिझेलच्या ट्रकवर त्याच्या छातीत धूर भरला होता आणि कान बधिर व्हायला आले होते. विजेचा ट्रक मिळाल्यापासून रात्रीचा खोकला थांबला होता.

"पुन्हा धुरात न्हाई जायचं तुम्ही," बायको हौसा म्हणाली. "आन् शेणाच्या गाडीवर तर मुळीच न्हाई. ज्यानं हुकूम काढला, त्यालाच बसवा की शेजारी."

लिंबाजीनं मान वर केली. मग म्हणाला, "उद्या ताक जरा जास्त कर."

सकाळी तो महाराजांपुढे हात जोडून उभा राहिला. "महाराज, गाडी थांबली नाही हे सांगणार कोण? दिवाणजी सांगतील, पण त्यांचे मेहुणे डिझेल विकतात. लोक उगाच शंका घेतील. आपणच शेजारी बसावं."

महाराजांना स्वतःची साक्ष फार आवडायची. ते बसले. मागून दिवाणजी आपल्या मोटारीतून निघाले.

ऊन चढलं. लिंबाजीनं ताकाचा तांब्या पुढे केला. महाराजांनी तो संपवला आणि दुसरा मागितला. पुढं काही मैल गेल्यावर ते चुळबुळू लागले.

"लिंबाजी, गाडी जरा बाजूला घे."

"कशाला, महाराज?"

"आम्हाला देखावा बघायचाय."

"इथून दिसतोय की. काच पुसून देऊ?"

"तो नाही. झुडपामागचा."

"गाडी थांबवायची नाही, असा हुकूम आहे."

"हुकूम आमचाच आहे ना?"

"म्हणून तर मोडवत नाही."

महाराजांनी पायावर पाय घेतला. तेवढ्यात नदीचा पूल आला. लिंबाजीनं काच खाली केली. विजेची गाडी, इंजिनाची घरघर नाही. पाण्याची खळखळ थेट महाराजांच्या कानात शिरली.

"हुकूम बदलला!"

"नीट सांगा, महाराज. दिवाणजी मला विचारतील."

"माणसाला गरज पडली तर गाडी थांबेल. आता थांबव, मेल्या!"

गाडी थांबली ती सगुणाबाईच्या ढाब्यावर. महाराज पळत गेले आणि सावकाश परत आले. मग त्यांना पिठल्याचा वास आला. ते जेवले. जेवल्यावर लिंबाखाली बाज दिसली, तिच्यावर आडवे झाले, आणि जे घोरू लागले ते दिवाणजींच्या ओरडण्यानंच जागे झाले.

"महाराज, दगा! बघा, गाडीला वायर लावलीय. लिंबाजी हरला!" दिवाणजींच्या हातात भज्यांची बशी होती आणि तोंडातही एक होतं.

महाराजांचे डोळे लाल झाले. "लिंबाजी, हे काय?"

"महाराज, गाडीसाठी मी थांबलोच नाही. आपण थांबलात. आपण झुडपामागं गेलात, जेवलात, झोपलात. तोवर ती नुसती उभी होती, तिनंही दोन घास खाऊन घेतले. आता तिचं पोट भरलंय. निघायचं का?"

"डिझेलच्या गाडीला थांबावंच लागलं नसतं!" दिवाणजी ओरडले.

"खरंय," लिंबाजी म्हणाला. "फक्त ती चालवायला पोट नसलेला माणूस हवा. दिवाणजी, असा कुणी पाहण्यात आहे का? भजं गिळून सांगा, घाई नाही."

महाराजांनी भज्यांच्या बशीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि असे हसले की बाजेची सुंभं करकरली.

"ट्रक तुझ्याकडेच राहील. असे आणखी दहा घेऊ, आणि प्रत्येक ढाब्यावर यंत्र बसवू. त्या सगळ्यांचा मुकादम तू!"

दिवाणजी हळूच म्हणाले, "निदान काही गाड्या अर्ध्या विजेच्या, अर्ध्या डिझेलच्या तरी घ्याव्यात."

"घ्या की, महाराज," लिंबाजी म्हणाला. "रानातल्या वाटांवर अजून तार पोचलेली नाही, तिथं त्या खरंच कामाच्या. आणि दोन्हीकडून चालायचं कसं, ते दिवाणजी त्यांना शिकवतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर दरबारी वर्तमानपत्र आलं. पहिल्याच पानावर छापलं होतं की, माणसं जेवतील तेवढ्यात गाडी भरून घ्यायची ही थोर युक्ती महाराजांना स्वतः, चिंतनात मग्न असताना, बाजेवर सुचली. लिंबाजीनं बातमी सावकाश वाचली, पानाची नीट घडी केली, तिच्यात चार सुके बोंबील बांधले आणि ट्रकमध्ये मीठ भरून परत निघाला.