गुणाजीच्या लेकाचं बारसं

एका गावात एक भोळा गुणाजी होता. गावात भोळे आणखीही होते, पण गुणाजीइतकं मन लावून कुणी भोळं नव्हतं. सांगितलेलं तो अक्षरशः करायचा. अक्षराच्या पलीकडे म्हणून जायचा नाही.

त्याची बायको कल्पना. नेमाधर्माची बाई. नवऱ्याचं नाव तिने उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलं नाही. सात वर्षांनी, सोळा सोमवार केल्यावर, महादेवाने तिची ओटी भरली. मुलगा झाला.

आता नावाचा घोर लागला. गावात नावांची साथ यायची. मागे एका वर्षी सगळे आरव झाले. नंतर ज्याच्या त्याच्या पाळण्यात विहान. अंगणवाडीच्या ताईंनी "विहान, नाक पूस" म्हटलं की पाच नाकं पुसली जायची. कल्पनाचं एवढंच मागणं होतं, की आपण हाक मारावी आणि आपल्याच लेकराने ओ द्यावी.

ती गुणाजीला म्हणाली, "अहो, अंगणवाडीत जाऊन हाक मारून बघा. ज्या नावाला कुणी ओ देणार नाही, ते नाव मोकळं."

गुणाजी लगेच निघाला. रविवार होता. दाराला कुलूप होतं. त्याने कुलपासमोर उभं राहून तीनदा "विहान" अशी हाक मारली. कुणी ओ दिली नाही. येताना तो पेढेच घेऊन आला.

कल्पनाने कपाळाला हात लावला. "अहो, रिकाम्या जागी कुठे हाक मारतात? माणसं जमलेली असतील तिथे मारायची."

बरं, म्हणाला गुणाजी. दुसऱ्या दिवशी देवळात सत्यनारायण होता. सारा गाव जमलेला. गुरुजी कथेत साधुवाण्याच्या नौकेपर्यंत आले होते. गुणाजी खांबाजवळ उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "शर्विल!"

सगळे मान वळवून बघायला लागले. गुरुजींच्या हातची पळी पडली. गुणाजी घरी येऊन म्हणाला, "शर्विल नको. अख्ख्या गावाचं आहे. गुरुजीसुद्धा शर्विल निघाले."

कल्पना हसली, पण तिला समजवावं लागलंच. "नाव असं ओरडायचं नसतं हो. नाव हळूच सांगायचं. बाळाच्या कानात."

शेवटी तिनेच विचार करून एक नाव काढलं. मृगांक. चंद्राचं नाव, महादेवाच्या डोक्यावरचं. गुणाजीला तिने ते सांगितलं आणि बारशाचं आमंत्रण द्यायला पाठवलं.

गावात आणखी तीन घरी पाळणे हलत होते. गुणाजीने तिन्ही घरी आमंत्रण दिलं, मग पाळण्यात वाकून हळूच, बाळाच्या कानात सांगितलं, "मृगांक." आया शेजारीच होत्या. त्यांना वाटलं, भोळ्याच्या तोंडून देवच बोलला. कल्पनाच्या बाळाच्या बारशाआधी गावात तीन मृगांक झाले.

बारशाच्या सकाळी कल्पनाला हे कळलं. तिच्या डोळ्याला पाणी आलं. मांडवात बाया जमल्या होत्या, घुगऱ्या शिजल्या होत्या, आणि बाळाला नाव नव्हतं. गुणाजी खाली मान घालून उभा. त्याला बघून तिचाच जीव कळवळला.

"आता तुम्हीच बघा," ती म्हणाली. "फक्त माणसं जमली की हाक मारा. त्या नावाला कुणी म्हणजे कुणीही ओ द्यायची नाही. मग अक्कांच्या कानात सांगा. त्या बाळाला सांगतील."

या वेळी गुणाजी एकही गोष्ट चुकला नाही. भरल्या मांडवात उभं राहून त्याने तीनदा नीट हाक मारली. लोक एकमेकांकडे बघून हसले, पण ओ कुणी दिली नाही. गुणाजीने हिराअक्काच्या कानात नाव सांगितलं.

अक्का म्हणाली, "अरे, हे तर..."

"अक्का, तीनदा मारली हाक. नाव मोकळं आहे."

अक्का त्याचीच सख्खी बहीण. तिला पटलं. ती पाळण्यात वाकली, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि कुर्र करून नाव बाळाच्या कानात गेलं. कानात गेलेलं नाव परत काढता येत नाही.

गुणाजी गुणाजी पाटोळे.

कल्पना म्हणते, महादेवाने मागितलं ते दिलं. पंचक्रोशीत या नावाचं दुसरं पोर नाही. लेकाला जेवायला बोलवायचं, तर ती उंबऱ्यात उभी राहून पदर सावरते आणि म्हणते,

"गरम गरम भाकरी, वर मेथीची भाजी,
हातपाय धुऊन जेवायला या हो गुणाजी."

धाकटा उखाणा संपेपर्यंत थांबतो. मग ओ देतो आणि पाटावर येऊन बसतो.

थोरला ओट्यावरच असतो. भूकही लागलेली असते. पण तो ओ देत नाही. त्या नावाला कुणी म्हणजे कुणीही ओ द्यायची नाही, असं त्याला सांगितलेलं आहे.