साळुंकीबाईंचा वर्ग

फार वर्षांपूर्वी एका रानात साळुंकीबाईंची शाळा होती. खवल्या मांजराची लेक रेवू वर्गात आली की अंगाचा चेंडू करून बसे. "लाजतेय, होईल मोकळी!" म्हणत बाई तिच्या कानाशी आणखी मोठ्यानं गाणी म्हणत. रेवू आणखी घट्ट मिटे.

शेवटी तिची आई म्हणाली, "बाई, तिला गोंगाट सोसत नाही हो. जरा गप्प बसाल?"

बाईंना चोच मिटणं म्हणजे शिक्षाच! तरी त्या बसल्या. घटकाभरानं रेवू हळूच उलगडली आणि तिनं नखानं मातीत वारुळातल्या सगळ्या वाटा रेखल्या. सगळा वर्ग पाहतच राहिला.

पुढं बाई हसत सांगायच्या, "जन्मात एकदाच मी चांगलं शिकवलं. तेव्हा मी अक्षरही बोलले नव्हते!"